बाळंतपणाचा पत्ता

गेल्या अंकात सदराच्या तळाशी एक ओळ टाकली होती : पोटातल्या बाळाच्या हृदयाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. चार-पाच पत्रं येतील असं वाटलं होतं. एकवीस आली. काही पोस्टानं, बाकीची व्हॉट्सअ‍ॅपवर, सोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टचे तिरके, अर्धे कापलेले फोटो. फोटोवरून निदान मी करत नाही, तेव्हा ज्यांना थेट उत्तर हवं होतं त्यांनी रुसू नये. नव्या वाचकांसाठी सांगते, मी लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर. संभाजीनगरात बसते आणि महिन्यातून दोन शनिवार बीडला येऊन गरोदर बायांचे इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करते. खालच्या पत्रांतली नावं काढून टाकली आहेत, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.

प्रश्न : बायकोला साडेपाच महिने झालेत, पहिलंच बाळंतपण आहे. सोनोग्राफीत शंका आली म्हणून टुडी इको केला. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नसा एकमेकींच्या जागी आहेत म्हणाले. रिपोर्टवर 'ट्रान्सपोझिशन' लिहिलंय. दिल्लीला पोटातल्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं बातम्यांत पाहिलं होतं, तसं आमचं होईल का? दोन एकर विकायची तयारी आहे. दुसरं म्हणजे, सासुरवाडीचे लोक सातव्यात तिला न्यायला येणार आहेत. पाठवू का? (गेवराई तालुका)

रान विकू नका. बायकोला माहेरी जाऊ द्या, ओटी भरून घेऊ द्या, आणि आठवा संपायच्या आत परत आणा. बाळंतपण मात्र माहेरी नको. बीडलाही नको.

दिल्लीचं आधी सांगते. २०२३ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आईच्या पोटातून सुई नेऊन, द्राक्षाएवढ्या हृदयातली आवळलेली झडप फुग्यानं रुंद केली होती. बातमी खरी आहे. पण तो इलाज फार थोड्या बाळांसाठी असतो. झडप इतकी आवळलेली असते की जन्मापर्यंत थांबलं तर तिच्यामागचा कप्पाच वाया जाईल, अशांसाठी. तुमच्या बाळाचे चारही कप्पे वाढतायत, चुकलीये ती वाहिन्यांची जोडणी. आणि पोटात असेपर्यंत या चुकीचा त्याला काहीच त्रास नाही. ते वजन धरतंय, लाथा मारतंय.

असं का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आमचं घर शेतकऱ्याचं. वडील रात्रीच्या लाईटीवर दारं धरायला जायचे तेव्हा बॅटरी धरून मी मागं असायची. पुढं कॉलेजात गर्भातलं रक्ताभिसरण शिकवलं तेव्हा वर्गात निम्मे लोक गोंधळले होते, मला ते पाटाचं पाणी दिसलं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. प्राणवायू येतो आईच्या वारेतून, नाळेवाटे. मग फुप्फुसांकडं जाणारं रक्त दुसरीकडं वळवायला दोन दारं असतात : एक हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात, आणि दुसरं म्हणजे दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक आखूड नळी. बाळ जन्मलं, रडलं, छातीत हवा शिरली की ही दारं बुजायला लागतात. नळी तर पहिल्या एक-दोन दिवसांतच आवळत जाते. चांगल्या बाळात हे व्हायलाच हवं.

तुमच्या बाळात काय होईल? अंगातून आलेलं काळपट रक्त फुप्फुसाकडं न जाता पुन्हा अंगातच जाईल, आणि फुप्फुसातून आलेलं लाल रक्त पुन्हा फुप्फुसात. दोन पाट, दोन्ही आपापल्या रानात गोल फिरणारे. एकाचं पाणी दुसऱ्यात जायला वाट म्हणजे तीच दोन दारं. ती बुजली की संपलं.

अकरा वर्षांपूर्वी मध्यरात्रीनंतर एक जीप आली होती. बाळ तीस तासांचं. आजीच्या मांडीवर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. वजन तीन किलो दोनशे. असं गुटगुटीत, की ओठ झाकले असते तर त्याला आजारी कुणी म्हटलं नसतं. ओठ जांभळासारखे. सकाळपासून ऑक्सिजन चालू होता आणि पायाला लावलेलं यंत्र ५८ दाखवत होतं. मी ऑक्सिजन वाढवला, ५८. पूर्ण सोडला, ६०. आजी म्हणाली, "माय, यंत्र बिघडलं का बघ की." यंत्र धड होतं. प्राणवायू फुप्फुसात पोचत होता, तिथून अंगात यायला वाट नव्हती. ती नळी उघडी ठेवणारं इंजेक्शन त्या रात्री आमच्याकडं नव्हतं आणि सकाळी दुकानं उघडेपर्यंत मिळणार नव्हतं. लेकरू साडेपाचला गेलं. त्याच्या आईची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी पिशवीत होती. 'हृदय : चार कप्पे दिसतात, नॉर्मल.' ते खोटं नव्हतं. या आजारात चार कप्पे छान दिसतात. त्यांतून वर निघणाऱ्या दोन वाहिन्या एकमेकींना फुली मारून जाताहेत की बैलगाडीच्या दांड्यांसारख्या शेजारी-शेजारी चालल्याहेत, ते पाहावं लागतं. त्या दिवशी ते पाहिलं गेलं नव्हतं.

तुमच्याकडं पाहिलं गेलंय. हातात तीन-साडेतीन महिने आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बाळंतपणाचा पत्ता ठरवणं. पुणे, मुंबई किंवा हैदराबाद, यांपैकी जिथं नवजात बाळांच्या हृदयाची ऑपरेशनं नेहमी होतात अशा ठिकाणी, आणि प्रसूती विभाग शक्यतो त्याच आवारात. सातव्या महिन्यात एकदा जाऊन नाव घालून या, तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडून इको पुन्हा करून घ्या. छत्तिसावा-सदतिसावा आठवडा लागला की दवाखान्याजवळ खोली घेऊन राहा. कळा सुरू झाल्यावर निघू, असं अजिबात करू नका. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानं सिंदफणेकाठचे किती रस्ते बंद होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि रस्ता मोकळा असला तरी जन्मलेल्या बाळाला गाडीतून नेण्यापेक्षा आईच्या पोटातून नेणं केव्हाही सोपं. त्याच्याइतकी चांगली अ‍ॅम्ब्युलन्स अजून कुणी बनवलेली नाही.

सिझरच करावं लागेल असं नाही. हृदयाच्या या दोषामुळं बाळाला कळा सोसत नाहीत हा गैरसमज आहे. शक्यतो दिवस भरू द्यायचे. अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांचं बाळ ऑपरेशनला जास्त टिकतं. जन्मल्याबरोबर बाळाला काचेत नेतील आणि प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध थेंबाथेंबानं सुरू करतील. त्यानं नळी उघडी राहते. या औषधानं कधी कधी बाळ श्वास घ्यायचं विसरतं, म्हणून ते श्वासाचं यंत्र शेजारी असेल तिथंच द्यायचं. वरच्या पडद्यातलं दार अपुरं असलं तर नाळेच्या किंवा जांघेच्या शिरेतून फुगा नेऊन ते मोठं करतात. ही युक्ती १९६६ पासूनची आहे आणि ती काचेच्या पेटीपाशीच, इकोवर बघत बघत करता येते. मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य ऑपरेशन : दोन्ही वाहिन्या कापून आपापल्या जागी जोडायच्या. १९७५ साली ब्राझीलमध्ये आदिब जाटेने यांनी ते पहिल्यांदा यशस्वी केलं. त्यात सगळ्यात नाजूक काम असतं हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, दीड-दोन मिलिमीटरच्या दोन वाहिन्या उचलून नव्या जागी शिवण्याचं. महिना उलटून गेला तर डावा कप्पा हलक्या कामाला सवकतो आणि मग त्याला सगळ्या अंगाचा भार झेपत नाही. 'थोडं मोठं होऊ द्या' म्हणून थांबायचं नाही ते म्हणूनच.

हे वेळेत झालं तर बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात. माझ्याकडं तपासणीला येणारा असा एक पठ्ठ्या सध्या दहावीत आहे. त्याची एकच तक्रार असते, आई कबड्डी खेळू देत नाही. मी देते.

प्रश्न : सुनेच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात पांढरा ठिपका निघाला. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. ठिपका ऑपरेशननं काढता येतो का? (उदगीर)

काढायचाच नाही. हृदयातल्या एका बारीक स्नायूवर चुन्याचा कण जमला की तो यंत्रात चमकतो, एवढंच. तो हृदयरोग नाही, त्यानं हृदयाचं काम अडत नाही. बाकीची सोनोग्राफी आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली रक्ताची चाचणी चांगली असेल तर त्याला विसरून जा. रिपोर्टमध्ये तो लिहावा लागतो, पण लिहिताना दोन वाक्यं तोंडी सांगायला आमच्या लोकांना वेळ नसतो, त्याला काय करायचं? जेवा सगळे.

प्रश्न : मला सातवा चालू आहे. बाळाचे ठोके २४० निघाले म्हणून परभणीहून पुढं पाठवलं. इथं भरती करून मलाच हृदयाच्या गोळ्या सुरू केल्यात. माझा ईसीजी एकदम चांगला आहे. सासरे म्हणतात, चांगल्या माणसाला हृदयाच्या गोळ्या देऊन रोगी करून टाकतील. सुट्टी मागून घरी जाऊ का? (सेलू)

नका जाऊ. सासऱ्यांचा राग नाही मला. त्यांना शंका आली ती रास्तच आहे, आणि ती गोळ्या सुरू करायच्या आधीच कुणीतरी फेडायला हवी होती.

पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. २४० म्हणजे मोटर पाणी यायच्या आधीच ओढायला लागल्यासारखं. हृदय भरायला वेळ मिळत नाही, मग ते नुसतंच फडफडतं. असं बरेच दिवस चाललं तर पाणी मागं साचतं : आधी पोटात, छातीत, मग कातडीखाली. बाळ सुजायला लागलं की धोका खराच वाढतो. म्हणजे या बाळाला औषध आजच हवंय आणि त्याच्या हाताला सलाईन लावायची सोय नाही. त्याच्याकडं जायचा रस्ता एकच, तुमचं रक्त आणि वार. तुम्ही गिळलेली गोळी वारेतून गाळून त्याच्यापर्यंत पोचते. गोळी तुमच्या तोंडात असली तरी रोगी ते आहे.

बहुधा डिगॉक्सिन चालू असेल. त्यासाठी रोज तुमचा ईसीजी काढतात, रक्तातलं पोटॅशियम आणि औषधाचं प्रमाण बघतात. घरी हे होणार नाही, भरती ठेवलंय ते याचसाठी. मळमळ फार वाढली, वस्तू पिवळट दिसायला लागल्या, छातीत धडधडलं तर राउंडची वाट न बघता सिस्टरला सांगा. बाळ सुजलेलं असेल तर डिगॉक्सिन वारेतून नीट पार होत नाही, मग फ्लेकेनाइड किंवा सोटॅलॉल देतात. औषध बदललं म्हणजे केस बिघडली असं घरच्यांनी समजू नये. ठोके ताळ्यावर यायला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडेही. एका बाईच्या बाळाचे ठोके नवव्या दिवशी पहाटे खाली आले. सिस्टरनं मला फोन लावून नुसता डॉपलरचा आवाज ऐकवला, ती काही बोललीच नाही. इतके दिवस रुळावरून मालगाडी जावी तसा खडखडाट होता. त्या दिवशी टक्-टक्, टक्-टक्. मी पांघरुणातच मोजले, १४२.

"सिझर करून बाहेर काढा आणि बाहेर इलाज करा" असं कुणी सुचवेल. सातव्या महिन्याचं, कच्च्या फुप्फुसाचं, त्यात हृदय धावणारं बाळ बाहेर सांभाळणं फार अवघड असतं. दुसरा मार्ग उरला नाही तरच ते करतात. जन्मल्यावर काही महिने औषध लागेल, आणि बऱ्याच मुलांचा हा त्रास वर्षभरात निघून जातो.

याच्याशी मिळतीजुळती दोन पत्रं आहेत, त्यांना इथंच उत्तर देते. लातूरच्या ताई, तुमच्या बाळाचा मधूनच एखादा ठोका चुकतोय. हे फार बाळांत दिसतं आणि बहुतेकदा आपोआप जातं. आठवड्याला एकदा ठोके ऐकून घ्या, एवढं पुरे. वसमतच्या ताईंचं वेगळं आहे. तुमच्या मागच्या बाळाचे ठोके उलट ५५ होते आणि त्याला जन्मल्यावर पेसमेकर बसवला. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की तुमचे डोळे कोरडे पडतात आणि भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही. मला पत्रातलं तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. काही बायांच्या रक्तात अँटी-रो नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात. बाईला स्वतःला फारसं काही होत नाही, पण ती वारेतून जाऊन बाळाच्या हृदयातली वायरिंग जाळतात, बहुधा अठरा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान. जळलेली वायरिंग परत जोडता येत नाही. एकदा असं झालं की पुढच्या खेपेला साधारण सहात एक वेळा पुन्हा होतं. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहायच्या आधी ही रक्ततपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हो, तीच मलेरियाची म्हणून माहीत असलेली गोळी, गरोदरपणाच्या सुरुवातीपासून घेतल्यास धोका बराच कमी होतो. गोळी मात्र डॉक्टरांनी सुरू केल्यावरच घ्यायची.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या गावातून दिवाळी झाली की पंचवीस-तीस कोयते (ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या) निघतात. यंदा चार गरोदर बाया जाणार आहेत. एकीचं मागचं लेकरू चार महिन्यांचं होऊन गेलं, हृदयाला भोक होतं म्हणत होते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी उसाच्या फडात कुठून करावी? मुकादम एका दिवसाचा खाडा सोडत नाही. (धारूर तालुका)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शहरातल्या बायांना मी 'अठरा ते बावीस आठवड्यांत या' म्हणून मोकळी होते. तुमच्या बायांचे अठरा ते बावीस आठवडे कुठं पडतात ते तुम्ही बरोबर हेरलंय.

एकीचा हिशेब करू. पाळी १० ऑगस्टला आली होती असं धरा. अठरावा आठवडा भरतो १४ डिसेंबरला, बाविसावा ११ जानेवारीला. दोन्ही वेळा ती सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात कोपीत असेल. पण अकरावा आठवडा ऑक्टोबरच्या शेवटी भरतो, गाडी निघायच्या तोंडावर. त्या आठवड्यात एक सोनोग्राफी होऊ शकते. तिच्यात बाळाच्या मानेमागची पाण्याची घडी मोजतात. ती साडेतीन मिलिमीटर किंवा जास्त भरली तर गुणसूत्रांचा आणि हृदयाचा, दोन्हींचा तपास पुढं करावाच लागतो. अशी बाई फडावर निघाली तर तपास राहिलाच, हे घरच्यांना तेव्हाच सांगता येईल.

बाकीच्यांच्या माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहा. आठवडे लिहू नका, तारीख लिहा. कार्ड गावात पेटीत ठेवायचं नाही, सोबत न्यायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी असते, ती कारखान्याच्या गावालाही असते. खाड्याचं माझ्याकडं उत्तर नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई दवाखान्यात गेली की अर्धा कोयता पडतो आणि उचल तर आधीच घेतलेली. एक मुकादम असा पाहिलाय ज्यानं स्वतःच्या मोटरसायकलवर बाईला आणलं आणि बाहेर बिडी ओढत बसला होता. त्याची स्वतःची लेक बाळंतपणात गेली होती.

जिचं लेकरू गेलंय तिला मात्र नुसती सोनोग्राफी नको, हृदयाचा इको हवा. हजार जन्मांमागं आठ ते दहा बाळांच्या हृदयात काहीतरी दोष असतो. आधीच्या लेकराला असेल तर पुढच्याला तो असण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीनपर्यंत जातं. म्हणजे सत्त्याण्णव वेळा चांगलंच निघणार, हेही तिला सांगा, नाहीतर ती भीतीनं येणार नाही. असाच इको आणखी कुणाला लागतो? दिवस राहायच्या आधीपासून साखर असलेली, फिटच्या काही गोळ्या चालू असलेली, स्वतःच्या हृदयाचं लहानपणी ऑपरेशन झालेली, टेस्ट ट्यूबनं दिवस राहिलेली, एकाच वारेवर जुळी असलेली. आणि आपल्याकडची खास म्हणजे मामाच्या नाहीतर आत्याच्या घरात दिलेली. मराठवाड्यात हे इतकं सवयीचं आहे की 'नात्यात लग्न झालंय का?' विचारलं तर बाया 'नाही' म्हणतात. 'सासू कोण लागते?' विचारलं की हसून 'आत्याच की' म्हणतात. तुम्हीही तसंच विचारत जा.

पण यादीवर फार भिस्त ठेवू नका. हृदयदोष असलेली बहुतेक बाळं यादीत न बसणाऱ्या आयांच्याच पोटी येतात. म्हणून प्रत्येकीनं सोनोग्राफीवाल्यांना एवढं विचारावं : "हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या पाहिल्या का?" वीस आठवड्यांचं हृदय गावरान बोराएवढं असतं, दिसायला वेळ लागतो, बाळ पाठ करून बसलं तर अर्ध्या तासानं पुन्हा बोलावतात. अशा वेळी चहा घ्या आणि थांबा.

प्रश्न : भावजयीला २३ वा आठवडा आहे. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही म्हणतात. आता पाडता येतं का, कायद्यात बसतं का? आणि मुलगा असेल तर आम्ही खर्च करायला मागंपुढं पाहणार नाही, तेवढं इकोत कळलं तर बरं. (गाव लिहिलेलं नाही)

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी. कळत असलं तरी मी सांगणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा इकोच्या यंत्रालाही लागू आहे, प्रत्येक तपासणीला एफ फॉर्म भरला जातो. मी इको करते ते बीडला. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली उरलेल्या जिल्ह्यात. हृदय मुलाचं असो की मुलीचं, सुईदोरा तोच लागतो.

आता तुमच्या भावजयीसाठी. हे त्यांना वाचून दाखवा, किंवा बरं म्हणजे अंकच त्यांच्या हातात द्या.

ताई, डावी बाजू न वाढणं हा हृदयाच्या सगळ्यात अवघड दोषांपैकी एक आहे. पोटात बाळाला त्रास नाही. जन्मल्यावर नळी बुजली की अंगाचा रक्तपुरवठा थांबतो. इलाज आहे, तीन ऑपरेशनांचा : पहिलं जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, दुसरं साधारण चार-सहा महिन्यांचं झाल्यावर, तिसरं दोन ते चार वर्षांचं असताना. तिन्ही पार पडली तरी अर्ध्याच हृदयावर आयुष्य काढायचं असतं. हे आपल्या देशात मोजक्या ठिकाणी होतं. गोड बोलून तुम्हाला भुलवणार नाही.

कायदा असा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बाळात गंभीर व्यंग असेल तर वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. चोवीसच्या पुढं सरकारनं नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडं जावं लागतं. तेविसावा चालू आहे म्हणजे चार-पाच दिवसांत हृदयाच्या दुसऱ्या डॉक्टरांकडून इको करून घ्या, आणि गर्भजलाची तपासणी करायची का तेही विचारा. संमती लागते ती फक्त तुमची. नवऱ्याची नाही, दिराची नाही. काही आईबाप ऑपरेशनं निवडतात, काही गर्भपात. काहीजणी बाळाला येऊ देतात आणि यंत्रं न लावता मांडीवरच जाऊ देतात. तेव्हा त्याला त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर सोबत असतात. मी तिन्ही प्रकारच्या आया पाहिल्यात आणि कुठलीही चुकली असं मला कधी वाटलं नाही. घरच्यांनी बाहेर उभं केलेल्या, विचारलंच न गेलेल्या आया मात्र वर्षानुवर्षं परत येऊन तेच विचारतात.

प्रश्न : खर्चाचं काय? (हिंगोली, भोकर, परंडा, आणि बहुतेक सगळेच)

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयाची बरीच ऑपरेशनं बसतात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावांची स्पेलिंगं आत्ताच जुळवून घ्या, बाळ काचेत असताना तहसीलला फेऱ्या नकोत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांच्यामार्फतही जिल्हा रुग्णालयातून मदत होते. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. तिथं रांग असते, तेव्हा बाळ जन्मायची वाट न बघता पोटातल्या बाळाचा रिपोर्ट घेऊनच चौकशी करा.

प्रश्न : ७ सप्टेंबरच्या ग्रहणात मी विसरून भाजी चिरली. पंधरा दिवसांनी सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाला बारीक छिद्र निघालं. सासूबाई बोलत नाहीत. माझ्यामुळंच झालं का? (माजलगाव)

तुम्ही पाळीची तारीख लिहिलीत ते बरं केलंत : ४ मे. ग्रहणाच्या दिवशी तुम्हाला बरोबर अठरा आठवडे झाले होते. हृदयाची सगळी बांधणी दहाव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. तुमच्या बाबतीत म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, आषाढी करून वारकरी घरी परतत होते तोवर. भाद्रपदातल्या विळीचा आषाढातल्या पडद्याशी संबंध कसा लागायचा? बरं, छिद्र खालच्या स्नायूच्या पडद्यात आहे आणि बारीक आहे; अशी बरीच छिद्रं जन्माआधी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत आपसूक बुजतात. बाळंतपण माजलगावातच करा, पत्ता बदलायची गरज नाही. बाळ दीड महिन्याचं झालं की शनिवारी बीडला घेऊन या. सासूबाईंनाही आणा. इको करताना पडद्यावर त्यांनाच दाखवते.